कोणती शेवंती?

२०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं आपली खंडेनवमी आणि चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याची नवमी एकाच तारखेला आली. दोन्हीकडची पंचांगं चंद्रावर चालतात आणि सूर्याशी मेळ राखायला मधूनमधून अधिक महिना घेतात. तो महिना दोघांनी वेगवेगळ्या वर्षी घेतला की अंतर पडतं. २०२५ साली तसं पडलंही. पण जुळतं त्या वर्षी इकडे कोयत्याला, शिलाई मशिनला, लेथला आणि रिक्षाला झेंडूसोबत शेवंती वाहिली जात असते आणि त्याच दिवशी चीनमध्ये ‘छोंगयांग’ म्हणजे दुहेरी नवमीचा सण चालू असतो. त्या दिवशी उंचावर चढून जायचं, घरातल्या वृद्धांची विचारपूस करायची आणि शेवंती प्यायची. मद्यात घालून किंवा गरम पाण्यात घालून, पण प्यायची.

फूल तेच आहे. रात्र एका मर्यादेपलीकडे लांबली की शेवंतीला कळी धरते, हा तिचा स्वभाव दोन्ही देशांत सारखा. म्हणून पुरंदर-दौंडच्या रानात उन्हाळ्यात लावलेली रोपं दसरा-दिवाळीला फुलतात आणि यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात वसंतात लावलेली रोपं ऑक्टोबरअखेर, पहिल्या हिवाच्या सुमारास फुलतात. पुढची वाट मात्र वेगळी. आपल्याकडे ती हारात, वेणीत, तोरणात जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निर्माल्य होते. तिकडे ती वाफवली, वाळवली, चाळली जाते आणि औषधाच्या दुकानातल्या लाकडी खणात जाऊन बसते. तिथून ती सर्दी-तापाच्या काढ्यात, डोळ्यांच्या गोळ्यांत, उशीच्या अभ्र्यात आणि रोजच्या पेल्यात पोहोचते. ‘जूहुआ’ हे तिचं तिथलं नाव.

शेवंतीचा चहा अलीकडे आपल्याकडेही पाकिटांत मिळू लागला आहे. ‘शरीरशुद्धी’, ‘शांत झोप’, ‘तजेलदार त्वचा’ अशी आश्वासनं त्यावर छापलेली असतात. कोणत्या गावची शेवंती, कशी वाळवलेली, कुणासाठी, कशासाठी, हे त्यावर सहसा नसतं. चिनी वैद्यकात या फुलाबद्दल दोन हजार वर्षं जे काही लिहिलं आणि केलं गेलं, त्यातला मोठा भाग नेमका याच चार प्रश्नांभोवती आहे. ते प्रश्न गाळून उरतं ते पिवळसर गरम पाणी.

*

‘शेननोंग बेनत्साओ जिंग’ हा चिनी औषधी द्रव्यांवरचा सर्वांत जुना मानला जाणारा ग्रंथ. हान काळात तो संकलित झाला. मूळ ग्रंथ हरवला आणि पुढच्या ग्रंथांतल्या उताऱ्यांवरून तो पुन्हा जुळवावा लागला. त्यात ३६५ द्रव्यांच्या तीन प्रती लावल्या आहेत. खालच्या प्रतीत रोगावर तुटून पडणारी, विषारी असू शकणारी द्रव्यं. वरच्या प्रतीत दीर्घकाळ घेतली तरी बाधत नाहीत अशी. शेवंती वरच्या प्रतीत आहे. वाऱ्यानं येणारी चक्कर, डोक्याचा ठणका, डोळे जणू खोबणीतून बाहेर पडतील असा ताण, डोळ्यांतून पाणी गळणं, या तक्रारींवर ती सांगितली आहे. तिची आजची मुख्य कामंही डोकं आणि डोळे यांच्याशीच जोडलेली आहेत. एखाद्या द्रव्याची ओळख इतकी शतकं इतकी स्थिर राहावी हे मला विलक्षण वाटतं.

त्याही आधी, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या-तिसऱ्या शतकात, छ्यू युआन या कवीच्या ‘ली साओ’त शेवंतीच्या पाकळ्या खाण्याचा उल्लेख येतो. हान राजधानीतल्या चालीरीतींबद्दल सांगणाऱ्या ‘शीजिंग झाजी’ या संग्रहात शेवंतीच्या मद्याची कृती आहे: फुलं उमलली की देठ-पानांसकट खुडायची, भरडधान्यात मिसळून आंबवायची आणि पुढच्या वर्षीच्या नवव्या महिन्याच्या नवमीला ते मद्य प्यायचं. म्हणजे या वर्षीच्या सणाला गेल्या वर्षीची शेवंती.

चौथ्या शतकात गे होंग नावाचा विद्वान होऊन गेला. किमया, दीर्घायुष्य आणि वैद्यक हे तिन्ही त्याचे विषय. ‘बाओपूत्झ’ या ग्रंथात त्यानं नानयांग भागातल्या एका दरीची गोष्ट सांगितली आहे. डोंगरउतारावर शेवंती माजलेली, तिच्या पाकळ्या ओढ्यात पडून पाणी गोड झालेलं, आणि विहिरी न खणता तेच पाणी पिणारी माणसं शंभरीच्या कितीतरी पुढे जगणारी. त्या भागात नेमणूक झालेले मोठे अधिकारी ते पाणी दर महिन्याला मागवत, असंही तो लिहितो. ही दंतकथाच आहे. पाकळ्यांच्या पाण्यानं कुणी दीडशे वर्षं जगत नाही.

पण याच गे होंगनं तातडीच्या उपचारांची एक छोटी पुस्तिकाही लिहिली. तिच्यात हिवतापावर ‘छिंगहाओ’ ही वनस्पती सांगितली आहे: मूठभर घ्यायची, पाण्यात भिजवायची, पिळून रस प्यायचा. उकळण्याचा उल्लेखच नाही. १९६९ पासून हिवतापाच्या औषधावर काम करणाऱ्या तू योयो यांनी ही कृती पुन्हा वाचली आणि उष्णतेनं गुण नष्ट होत असेल असा तर्क केला. त्यांनी कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरून अर्क काढला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं, कोट्यवधी रुग्णांना औषध मिळालं, आणि २०१५ साली तू योयो यांना नोबेल. छिंगहाओ शेवंतीच्याच कुळातली वनस्पती. दीडशे वर्षं जगवणारा ओढा आणि हिवताप उतरवणारा रस, दोन्ही एकाच माणसाच्या लेखणीतून आलेले. यातलं खरं कोणतं हे त्याच्यावरच्या श्रद्धेनं ठरत नाही आणि त्याची थट्टा करूनही ठरत नाही. एकेक दावा सुटा घेऊन, हातात वनस्पती धरूनच ते ठरवावं लागतं.

हातात वनस्पती धरून ठरवण्याचं काम पाचव्या-सहाव्या शतकातल्या ताओ होंगजिंगनं केलं. जुन्या औषधी ग्रंथावर टीका लिहिताना त्यानं बजावलं की शेवंती दोन प्रकारची असते. जांभळट खोडाची, सुवासिक, गोड चवीची आणि पानं भाजी म्हणून खाता येतील अशी ती खरी. हिरव्या खोडाची, थोराड, दवण्याच्या जातीसारख्या वासाची आणि कडू, ती खरी नव्हे. दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्या. म्हणून त्याची कसोटी जिभेची.

हजार वर्षांनी ली शिझेननं हीच कसोटी पुढे नेली. १५७८ साली पूर्ण झालेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर, १५९६ साली नानजिंगला छापल्या गेलेल्या ‘बेनत्साओ गांगमू’त १,८९२ द्रव्यं आहेत. तोवर बागेतल्या शेवंतीचे शेकडो वाण तयार झाले होते. शेवंतीवरचं पहिलं स्वतंत्र पुस्तक, लिऊ मेंगचं, ११०४ सालचं आहे आणि त्यानंतर अशा पुस्तकांची रांगच लागली. ली शिझेन सांगतो की या सगळ्या शोभेच्या फुलांतून औषधाला घ्यायची ती साध्या, एकेरी पाकळ्यांची आणि गोड चवीची. कोवळे शेंडे भाजीला, फुलं खायला, मुळं-बिया औषधाला, वाळवून उशीत भरायला, आंबवून प्यायला, अशी ती शेंड्यापासून मुळापर्यंत उपयोगी आहे हेही तो आवर्जून नोंदवतो. उशीची गोष्ट केवळ पुस्तकातली नव्हे. बाराव्या शतकातल्या लू योऊ या कवीनं ऐन विशीत शेवंतीची उशी केली होती आणि तिच्यावर कविता लिहिली होती, असं त्यानंच उतारवयात नमूद केलं आहे. उन्हाळ्यात डोकं थंड राहावं म्हणून चीनमध्ये अशा उशा आजही मिळतात.

*

शेतातली शेवंती रानात कुठेच सापडत नाही. दोन किंवा अधिक रानटी जातींच्या संकरातून ती माणसाच्या सहवासात घडली. बीजिंगमधले वनस्पतिशास्त्रज्ञ छेन जुनयू यांनी अनेक दशकं रानटी जातींचे संकर करून तिची ही उत्पत्ती तपासली. अनेक सजीवांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, तिच्यात सहा असतात. म्हणून बियांतून कोणता वाण येईल याचा भरवसा नाही. हवा तो वाण टिकवायचा तर दर वर्षी फुटवे किंवा छाट कलम लावावे लागतात. एखाद्या गावची शेवंती शतकानुशतकं त्या गावचीच राहिली आहे ती यामुळे.

चीनच्या अधिकृत औषधसंहितेत औषधी शेवंतीचे पाच प्रकार गावानिशी दिले आहेत. बोझोऊची ‘बो’, छूझोऊची ‘छू’, ह्वांगशान परिसरातली ‘गोंग’, झेजियांग प्रांतातली ‘हांग’ आणि हेनान प्रांतातली ‘ह्वाई’. पाचांत फरक केवळ मातीचा नाही, वाळवण्याचाही आहे. मला तर असं वाटतं की निम्मं औषध वाळवणीतच घडतं.

बोझोऊ हे आनह्वे प्रांतातलं शहर. हुआ तुओ या प्राचीन शल्यवैद्याचं गाव म्हणून ते ओळखलं जातं आणि वनौषधींच्या जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांत त्याची गणना होते. तिथे फुलांनी लगडलेली अख्खी फांदी कापून जुड्या बांधतात आणि सावलीत उलट्या टांगतात. पूर्ण वाळल्यावर फुलं खुडायची. ऊन नाही, आच नाही, म्हणून वास टिकतो. ही फुलं गरम पाण्यात लवकर विस्कटतात, त्यामुळे पेल्यात दिसायला बरी नाहीत. पण वैद्यांची पसंती बहुधा याच शेवंतीला असते.

‘गोंग’ म्हणजे नजराण्याची. ह्वांगशानच्या पायथ्याच्या शेशियान भागात ती होते. छिंग काळाच्या अखेरीस राजधानीत डोळ्यांची साथ आली, इथली शेवंती दरबारात पाठवली आणि डोळे बरे झाले, अशी कथा तिथे सांगतात. डोंगराळ, धुक्याचा मुलूख. उन्हाचा भरवसा नाही. म्हणून ही फुलं मंद आचेवर वाळवतात, पूर्वी बिनधुराच्या निखाऱ्यांवर आणि आता तापवलेल्या खोल्यांत. पाकळ्या शुभ्र राहतात आणि फूल चपट्या गोळ्यासारखं गच्च दिसतं.

हेनानमधल्या जियाओझुओ भागाचं जुनं नाव ह्वाईछिंग. तिथली चार द्रव्यं चिनी वैद्यकात ‘ह्वाईची चार’ म्हणून मान्यता पावलेली: दीह्वांगचं मूळ, एक प्रकारचा करांदा, निऊशी हे आघाड्याच्या कुळातल्या झाडाचं मूळ आणि शेवंती. आघाडा गणपतीच्या पत्रीत असतो, त्यामुळे निऊशीचं कूळ तरी आपल्या परिचयाचं. याच प्रांतातल्या कायफंगला, एकेकाळच्या सोंग राजधानीला, शेवंती हेच नगरपुष्प आहे आणि तिथे दर वर्षी १८ ऑक्टोबरपासून महिनाभर शेवंतीचा महोत्सव भरतो. तो मात्र शोभेच्या फुलांचा.

आणि हांग. शांघायपासून फार दूर नसलेल्या तोंगशियांगच्या सपाट, पाणथळ शेतांत ती पिकते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबर संपेपर्यंत तोडा चालतो, सगळा हातानं. सर्वांत आधी न उमललेल्या कळ्या खुडतात. त्यांना ‘ताईजू’ म्हणतात आणि त्यांना भाव सर्वांत जास्त. त्यानंतर पूर्ण उमललेली फुलं. दव पूर्ण सुकल्यावरच तोडणी करायची, कारण पाकळ्यांत पाणी राहिलं तर फूल काळं पडतं. तोडलेली फुलं बांबूच्या ताटल्यांवर एकसारखी पसरून काही मिनिटं वाफवायची. वाफेनं पाकळ्यांतली विकरं निकामी होतात आणि रंग तपकिरी होत नाही. वाफ कमी लागली तर रंग जातो, जास्त लागली तर फूल लगद्यासारखं होतं. हा अंदाज हाताला असावा लागतो. वाफवलेली फुलं एकमेकांना चिकटून चकतीसारखी होतात आणि तशीच उन्हात वाळतात. गरम पाणी ओतलं की ती पुन्हा सुटी होऊन पेल्यात तरंगतात.

*

वैद्याकडे गेलेल्या माणसाला शेवंती क्वचितच एकटी मिळते. आधी नाडी पाहतात, जीभ पाहतात, ताप आधी आला की हुडहुडी आधी भरली हे विचारतात. मग चिठ्ठी. औषधाच्या दुकानात ती चिठ्ठी वाचून एकेका खणातून द्रव्यं काढतात, काट्यावर तोलतात आणि एकेका दिवसाची पुडी बांधतात. संहितेप्रमाणे शेवंतीची मात्रा ५ ते १० ग्रॅम. वाळलेलं फूल इतकं हलकं असतं की एवढ्यात ओंजळ भरते.

गोड, किंचित कडू आणि किंचित थंड असं तिचं वर्णन करतात. ती फुप्फुस आणि यकृत यांच्या मार्गांत शिरते असं मानतात, आणि यकृताचं द्वार म्हणजे डोळे. बाहेरून आलेला ‘उष्ण वारा’ घालवणं, वर चढलेलं यकृताचं तेज खाली आणणं, डोळे निवळणं ही तिची कामं. आपल्या वाचकाला इथे लगेच वात आणि पित्त आठवेल. आठवलं तरी दोन्ही एक समजू नये. तिथला ‘वारा’ हा रोगाच्या येण्याचा आणि सरकण्याचा एक प्रकार आहे, शरीर धारण करणारा दोष नव्हे. आणि तिथलं ‘यकृत’ हे शवविच्छेदनातल्या अवयवापेक्षा बरंच विस्तारलेलं आहे. दोन शास्त्रांची अशी घाईची सोयरीक जुळवल्यानं दोन्हींचं नुकसान होतं.

शेवंतीचा सर्वांत प्रसिद्ध काढा म्हणजे ‘सांग जू यिन’. वू जूतोंग या वैद्यानं १७९८ साली पूर्ण केलेल्या ‘वेनबिंग त्याओब्येन’ या ग्रंथात तो दिला आहे. साथीचे उष्ण ज्वर हा त्याच्या अभ्यासाचा विषय. ताप फारसा नाही, तहान थोडी, पण खोकला सुरू झालेला, अशा अगदी पहिल्या पायरीसाठी हा काढा आहे. तुतीची पानं, शेवंती, जर्दाळूच्या बियांचा गर, लियानच्याओची फळं, पुदिन्याच्या जातीची पानं, जिएगंगचं मूळ, ज्येष्ठमध आणि बोरूची मुळं, अशी आठ द्रव्यं. काढ्याच्या नावात शेवंती असली तरी वजनानं ती तुतीच्या पानांच्या निम्म्याहून कमी. वू जूतोंगचा विचार असा की रोग अजून वरवर, छातीच्या वरच्या भागात आहे. तिथे जड द्रव्यं घातली तर ती त्याला ओलांडून खाली जातील. म्हणून पानं, फुलं, हलकी सुवासिक द्रव्यं, आणि काढाही थोडाच वेळ उकळायचा. ताप चढलेला असेल तर त्याच ग्रंथात दुसरं, अधिक जोरकस औषध आहे. हा काढा आता गोळ्यांच्या रूपातही चीनच्या औषध दुकानांत मिळतो.

दुसरं औषध याच्या अगदी उलट स्वभावाचं. च्यिएन यी हा सोंग काळातला बालरोगांचा वैद्य. १११९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या उपचारग्रंथात सहा द्रव्यांची एक गोळी आहे, दीह्वांगच्या मुळावर आधारलेली. पुढे त्या गोळीत गोजीची लाल फळं आणि शेवंती घातली गेली आणि ‘छी जू दीह्वांग’ ही आठ द्रव्यांची गोळी झाली. वय होत चाललं आहे, डोळे कोरडे पडतात, अंधूक दिसतं, वाऱ्यात पाणी येतं, अशांसाठी ती महिनोन्‌महिने घ्यायची. पहिल्या काढ्यात शेवंती बाहेरून आलेल्या रोगाला हुसकावते, दुसऱ्या गोळीत ती झीज भरणाऱ्या द्रव्यांचा गुण वर डोळ्यांपर्यंत नेते. सोबत कोण आहे त्यावर तिचं काम बदलतं.

त्यातही पिवळी आणि पांढरी असा भेद काही वैद्य करतात. सर्दी-तापाला पिवळी, डोळ्यांना आणि डोकं शांत करायला पांढरी. रानटी शेवंती तर संहितेत वेगळंच द्रव्य आहे. आकारानं लहान, पिवळीधमक, चवीला कडू आणि अधिक थंड. गळू, फोड, पू अशा तक्रारींवर ती देतात. १७४२ सालच्या ‘यीझोंग जिनज्यिएन’ या शाही वैद्यकग्रंथात पाच द्रव्यांच्या एका काढ्यात ती आहे. ताओ होंगजिंगनं कडू शेवंती बाजूला काढली होती, तोच भेद इथे दोन स्वतंत्र औषधांच्या रूपानं टिकून आहे.

घरगुती उपयोगात तिचे दोन जोडीदार ठरलेले आहेत. संगणकासमोर बसणाऱ्या लाखो चिनी लोकांच्या थर्मासमध्ये शेवंती आणि गोजीची फळं एकत्र असतात; आधी पेल्याच्या वाफेवर डोळे धरायचे, मग पाणी प्यायचं. दुसरा जोडीदार म्हणजे ‘ज्युएमिंगत्झ’च्या भाजलेल्या बिया. ही वनस्पती म्हणजे आपला टाकळा किंवा त्याची सख्खी जात. पहिल्या पावसानंतर कोकणात आणि घाटावर रस्त्याच्या कडेला जो उगवतो, ज्याची कोवळी भाजी आपण खातो आणि ज्याच्या शेंगांकडे नंतर ढुंकूनही पाहत नाही, त्याच्याच बिया तिथे डोळ्यांसाठी शेवंतीबरोबर पेल्यात पडतात.

दक्षिणेकडे ग्वांगदोंग आणि हाँगकाँगमध्ये हवा दमट आणि उकाड्याची. तिथे शेवंती ‘लिआंगचा’त, म्हणजे अंगातली उष्णता उतरवणाऱ्या काढ्यांत असते. पितळी हंड्यांतून वाडग्यांत ओतून हे काढे दुकानांच्या फळीवर मिळतात. २००६ साली चीननं त्यांची नोंद राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत केली. त्यातला ‘पाच फुलांचा’ काढा आपल्याला ओळखीचा वाटावा असा: शेवंती आणि जिनयिनहुआ नावाच्या फुलांच्या जोडीला काटेसावरीची फुलं आणि पांढरा चाफा त्यात सर्रास असतात. चाफ्याचा चीक विषारी आहे आणि तिथे वापरतात ती तयार केलेली वाळकी फुलं. अंगणातला चाफा तोडून घरी काढा करण्याचा विचार कुणी मनातही आणू नये. सिंगापूर-मलेशियात तर साखर घातलेली शेवंती कागदी खोक्यांत थंडगार विकली जाते. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली मुलं ती सरबतासारखी पीत मोठी होतात.

*

एवढा खप असला की फसवणूकही येते. वाळलेल्या शेवंतीला कीड आणि बुरशी लवकर लागते आणि रंगही उडतो. त्यावर जुना उपाय गंधकाच्या धुरीचा. छूझोऊच्या पारंपरिक पद्धतीत तर ती वाळवणीचाच भाग होती. थोडी धुरी टिकाऊपणासाठी असते. पण ओलं, काळपट, जुनं फूल ताजं आणि पांढरंशुभ्र दिसावं म्हणून बेसुमार धुरी दिली जाऊ लागली, तेव्हा प्रश्न गंभीर झाला. चिनी संहितेनं आता अशा द्रव्यांसाठी सल्फर डायऑक्साइडच्या अवशेषाची मर्यादा किलोमागे १५० मिलिग्रॅम ठेवली आहे. २०२० च्या आवृत्तीत वनस्पतिजन्य द्रव्यांत ३३ निषिद्ध कीटकनाशकांचा अंश आढळू नये असंही बंधन घातलं. शेवंती हे मावा आणि फुलकिडे हटकून लागणारं पीक आहे, त्यामुळे हे बंधन कागदावर सोपं आणि शेतात अवघड. शिवाय २००२ साली चीनच्या आरोग्य मंत्रालयानं अन्न आणि औषध दोन्ही असलेल्या ८७ वस्तूंची जी यादी केली तीत शेवंती आहे. म्हणजे वैद्याच्या चिठ्ठीविना, कुठल्याही किराणा दुकानात ती मिळते. जबाबदारी त्यामुळे वाढते.

गुणाची चौकशी प्रयोगशाळेतही झाली आहे. संहितेनं आता तीन घटकांची किमान पातळी ठरवून दिली आहे; त्यांत कॉफीतही सापडणारं क्लोरोजेनिक आम्ल आहे आणि ल्युटिओलिनचं एक संयुग आहे. हे घटक परीक्षानळीत आणि प्राण्यांत दाह कमी करताना दिसले आहेत. पण माणसांवर, केवळ शेवंतीचे, मोठे आणि नीट आखलेले अभ्यास फार थोडे आहेत. याचं एक कारण तिच्या वापरातच आहे: ती इतर द्रव्यांच्या सोबतीनं आणि रुग्णागणिक बदलणाऱ्या मात्रेत दिली जाते. हे कारण समजून घ्यायला हवं, पण पुराव्याच्या जागी ते चालणार नाही. डोळ्यांना गार वाटतं, घसा ओला राहतो, बसल्या बैठकीतून उठून गरम पाणी प्यायलं जातं, इतकं तर कुणीही मान्य करील. मोतीबिंदू उतरतो किंवा रक्तदाबाची गोळी बंद करता येते असं कुणी सांगत असेल तर त्याला आधार नाही.

*

आता आपल्या हारातल्या शेवंतीबद्दल, कारण हा लेख वाचून कुणीतरी देव्हाऱ्यातली दोन फुलं पाण्यात टाकील ही भीती मला आहे. तसं करू नये. झिपरी, राजा, रेवडी, सोनाली तारा हे आपले वाण आकारासाठी, रंगासाठी आणि बाजारापर्यंत टिकण्यासाठी निवडलेले आहेत. त्यांच्यावर फवारणी होते ती फूल कुणी खाणार नाही हे धरून, अगदी तोडणीच्या आदल्या आठवड्यापर्यंत. शेतकऱ्याचा यात दोष नाही. त्यानं हाराचं फूल पिकवलं, औषधाचं नव्हे. ली शिझेननं बागेतल्या शेकडो वाणांतून मोजकेच औषधाला निवडले होते, तो विवेक इथेही तितकाच लागू आहे. डासांच्या उदबत्तीतली शेवंतीही वेगळीच. एइइचिरो उएयामा या जपानी उद्योजकानं १८९० साली ज्या फुलांच्या पुडीपासून पहिली उदबत्ती केली ती मूळची डाल्मेशियातली, शेवंतीच्या कुळातली, पण दुसरी वनस्पती. कीटक मारणारी पायरेथ्रिनं तिच्यात असतात.

दुसरा मुद्दा महाराष्ट्राला विशेष लागू. गाजर गवताची भारतातली नोंद पहिल्यांदा झाली ती १९५० च्या दशकात, पुण्यात. तेव्हापासून त्या गवतानं हात, मान, पापण्या सोलवटून निघालेले कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर त्वचारोगतज्ज्ञांकडे आले. गाजर गवत आणि शेवंती एकाच कुळातली, आणि त्वचेला चिडवणारी दोघींची रसायनंही जवळची. गाजर गवताची ॲलर्जी असलेल्या अनेकांना शेवंतीनंही पुरळ उठतं. फुलं हाताळणाऱ्या माळ्यांत आणि हारवाल्यांत ही तक्रार ठाऊक आहे. अशा माणसानं शेवंतीचा चहा लांबच ठेवावा. चिनी वैद्यही ती सरसकट सगळ्यांना देत नाहीत: ज्यांचं पोट थंड आणि नाजूक आहे, ज्यांना वरचेवर पातळ होतं, त्यांना ती जपून द्यावी असं ते सांगतात.

बाकीच्यांनी घ्यायची तर पाकिटावर गावाचं नाव शोधावं. फूल कागदासारखं पांढरंफटक असेल तर नको. खरी वाळलेली शेवंती पिवळसर पांढरी असते आणि मधला भाग गडद पिवळा. नाकाशी धरल्यावर काडेपेटीसारखा आंबट-तिखट वास आला तर ती गंधकाची धुरी आहे. चार-पाच फुलं, उकळून थोडं निवलेलं पाणी, झाकण आणि पाच मिनिटं. हवी तर खडीसाखर. सर्दीच्या सुरुवातीला, डोळे शिणल्यावर, उन्हातून आल्यावर ती घेता येईल. डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सोसवत नसेल किंवा दिसणं कमी झालं असेल, तर मात्र पेला बाजूला ठेवून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं.